पिकअप विकायची आहे: वाढीव पाटे, जाळी, लाइट, हॉर्न काढून विकू की आहे तशी?

नारायणगाव_पिकअप

गाडी बोलेरो पिकअप, १.७ टन, २०१८ मॉडेल, बीएस ४. टोमॅटो आणि भाजीपाल्याची गाडी, नारायणगाव ते वाशी. बँकेचा बोजा उतरला आहे. पासिंगला दोन महिने बाकी.

गाडीला बाहेरून बसवलेलं बरंच आहे. मागच्या कमानीत (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जादा. हौद्यावर दीड फूट उंचीची अँगलची जाळी, फाळक्याला नटबोल्टने धरलेली. हौद्याच्या तळाला चेकर्ड प्लेट, जागोजागी वेल्ड केलेली. पुढे लोखंडी गार्ड. केबिनवर एलईडी बार. हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब आणि रिले किट. कंप्रेसरचा प्रेशर हॉर्न. टायर कंपनी साइजपेक्षा एक नंबर मोठे. म्युझिक सिस्टीम, जीपीएस (गाडी बंद करायच्या रिलेसकट). स्पीड गव्हर्नरचा (वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राचा) कनेक्टर काढून ठेवलेला आहे.

कंपनीच्या वस्तूंपैकी पुढचा बंपर, मूळ हॉर्न आणि ६०/५५ चे बल्ब घरात आहेत. मूळ टायर नाहीत.

एक गिऱ्हाईक म्हणतंय जशी आहे तशी द्या, भाव कमी करू नका. दुसरा, कर्ज काढून घेणारा, म्हणतोय सगळं मूळ करून द्या. काय काढावं, काय ठेवावं, आणि काढताना गाडी बिघडू नये म्हणून काय बघावं? पाट्यांबद्दल विशेष सांगा.

---

पासिंगचं_काम

आधी कागदाचं बघू, कारण निम्मे निर्णय तिथेच होतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील आणि कंपनीने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्याच्या पोटकलम ४ मध्ये नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट वाचा. तुमच्या यादीत दंडाला पात्र ठरू शकतील अशा चार-पाच गोष्टी सहज निघतील.

आता एकेक घेतो.

गार्ड काढा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड, बुल बार हे कलम ५२ चं उल्लंघन ठरवलं. तुमच्या मॉडेलला एअरबॅग नाही, तरी धोका कमी होत नाही. गार्ड सरळ चेसिसच्या टोकाला बोल्ट केलेला असतो. बंपरने चेपून घ्यायचा धक्का तो थेट चेसिसला देतो, आणि समोर माणूस आला तर त्याला लोखंडच लागतं. मूळ बंपर घरात आहे, मग विचार करायलाच नको.

प्रेशर हॉर्न काढा. केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ मध्ये वेगवेगळ्या सुरांचे, कर्कश हॉर्न बसत नाहीत. पासिंगला तो हमखास अडतो.

स्पीड गव्हर्नर जोडून घ्या. नियम ११८ प्रमाणे मालवाहू गाडीला ८० किमीची मर्यादा आहे, पिकअपला सूट नाही. नुसता कनेक्टर जोडून भागत नाही. सील तुटलेलं असेल तर अधिकृत फिटरकडून तपासून, सील करून, प्रमाणपत्र चालू आहे का ते बघा. हा बदल 'गिऱ्हाईक बघून घेईल' म्हणून सोडू नका.

एलईडी बार काढा. १००/९० चे बल्बही काढा. पासिंगला हेडलाइटचा झोत तपासतात, आणि जास्त वॉटचा बल्ब त्या काचेत नीट झोत देत नाही.

जाळी आणि तळाची प्लेट यांचा प्रश्न वजनाचा आहे. आरसीवर मोकळ्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. वजनकाट्यावर गाडी मोकळी करून न्या, चालक खाली उतरवा आणि पावती घ्या. हिशोब असा: ४०×४०×५ मिमीचा अँगल मीटरला ३ किलो भरतो. दीड फुटी जाळीला दोन आडव्या पट्ट्या आणि उभे खांब धरून २३ मीटरच्या आसपास अँगल लागतो, म्हणजे ७० किलो. ३ मिमीची चेकर्ड प्लेट चौरस मीटरला साधारण २५ किलो; नऊ फुटी हौद्यात ११५ ते १२० किलो. दोन्ही मिळून १९० किलोच्या घरात. एकूण वजनाची मर्यादा तीच राहते, म्हणून हे १९० किलो तुमच्या कायदेशीर मालातून जातात. टोमॅटोच्या आठ-नऊ क्रेट झाल्या. जादा वजनाचा दंड कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० जोडले जातात. नवा मालक आरसी बघून माल भरेल आणि काट्यावर अडकेल. त्याला हा आकडा सांगणं तुमचं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी कोणत्याही अवस्थेत द्या, पण नावावर करून द्या. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडे येते. गाडी तीन हात फिरली तरी फरक पडत नाही. फेरफार केलेली गाडी, बंद केलेला गव्हर्नर आणि आरसीवर तुमचं नाव असताना अपघात झाला, तर विमा कंपनी आधी तेच फोटो पुढे ठेवेल. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून, तुमच्या लॉगिनवरून अर्ज गेल्याशिवाय किल्ली देऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. बोजा उतरला म्हणता, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आरटीओत लागून आरसीवरून बोजा गेला आहे ना, ते परिवाहनच्या साइटवर बघा. २०१८ ची गाडी आहे, म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट नसतील तर आधी बसवा. त्याशिवाय पुढची कामं अडतात.

---

कमानी_फिटर

पाट्यांबद्दल विचारलं आहे, म्हणून तेवढ्यावरच लिहितो, पण पूर्ण लिहितो.

आधी कायद्याचा एक बारकावा. पाट्यांची संख्या आरसीवर नसते, म्हणून नुसत्या पाट्यावर कलम ५२ लावणं गार्डइतकं सरळ नाही. पण पाटा वाढवला म्हणून गाडीची पासिंगची क्षमताही वाढत नाही. मागच्या ॲक्सलचं हाउसिंग तेच, बेअरिंग तेच, ब्रेकचे ड्रम तेच, चेसिस तीच. कमान बसत नाही म्हणून माल जास्त भरला जातो, आणि तो ताण पुढच्या कमजोर भागावर जातो. म्हणून माझं मत काढावेत असं आहे. मात्र अर्धवट काढण्यापेक्षा न काढलेले बरे. ते का, ते खाली येईल.

काढायच्या आधी मोजमाप घ्या. सपाट जागी, मोकळ्या गाडीत, चारही टायरला सारखी हवा. मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर लिहून ठेवा. दोन बाजूंत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचा मूळ पाटा मेलेला किंवा तुटलेला आहे. तसं असेल तर जादा पाटे काढल्यावर गाडी त्या बाजूला बसणारच.

जादा पाटा कोणता ते ओळखा. तो नेहमी सगळ्यात खाली नसतो, बरेच फिटर मधे सरकवतात. जाडी वेगळी, टोक सरळ कापलेलं, कंपनीचा छाप नाही, कमानीची गोलाई शेजारच्या पाट्याशी जुळत नाही, या खुणा बघा. मूळ हेल्पर पाटा, म्हणजे खालचा जाड आणि जवळजवळ सरळ असतो तो, जादा समजून काढू नका. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किंवा पार्टच्या दुकानात तुमच्या मॉडेलच्या सेटमध्ये किती पाटे आहेत ते विचारून मगच हात लावा.

पुढच्या चाकांना पुढेमागे ठोकळे. चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड). हाउसिंगखाली वेगळा जॅक, फक्त आधाराला. कमान हाउसिंगला आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या नटांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. गॅसने तापवून नट सोडवू नका. तापवलेला यू बोल्ट परत वापरायचा नसतो.

यू बोल्ट निघाल्यावर, पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट खोलायच्या आधी पाट्यांच्या गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी सी क्लॅम्प लावा. क्लॅम्पशिवाय सेंटर बोल्ट सोडला की पाटे एकदम फाकतात आणि हात सापडतो. क्लॅम्प हळूहळू, आळीपाळीने सैल करा.

आता नवीन काय लागतं ते. दोन सेंटर बोल्ट आणि चार यू बोल्ट, त्यांच्या उंच नटांसकट. इथेच बहुतेक जण पैसे वाचवायला जातात. जादा पाटे घालताना लांब यू बोल्ट घातलेले असतात. पाटे काढल्यावर तेच लांब बोल्ट परत लावले तर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन थांबतो. हाताला वाटतं घट्ट झालं, पण पाट्यांचा गठ्ठा आतून सैलच असतो. मग वॉशरचा ढीग घालतात. तो ढीग माल भरल्यावर बसतो, यू बोल्ट सैल होतो, सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि हाउसिंग मागे सरकतं. गाडी तिरकी चालायला लागते. भरल्या गाडीत घाटात असं झालं तर गाडी हातात राहत नाही. सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या सीटमधल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. डोक्याची जाडी कमी-जास्त असली तरी तोच त्रास.

पाटे बाहेर आहेत तोवर ब्रशने घासून गंज काढा, ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या, शॅकल पिना आणि बुश बघा. बुश अंडाकृती झालं असेल तर आत्ताच बदला, नंतर परत हेच सगळं खोलावं लागेल. यू बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडा-थोडा करून, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. एकदा माल भरून फिरवल्यावर आणि ५०० किमीच्या आसपास परत आवळा. गाडी त्याआधी विकली गेली तर हे घेणाऱ्याला लिहून द्या.

मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर तो विसरू नका. हाउसिंगपासून एक छोटी दांडी किंवा स्प्रिंग चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जाते. हौदा खाली बसला की व्हॉल्व्ह समजतो माल आहे आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्हला ती मोकळी वाटते आणि मागचा ब्रेक कमी मिळतो. काही ठिकाणी त्यावर उपाय म्हणून दांडी वाकवतात किंवा तारेने बांधून टाकतात. पाटे काढून दांडी तशीच बांधलेली ठेवली तर मोकळ्या गाडीत पावसात मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते. दांडीची सेटिंग मॅन्युअलप्रमाणे परत करा आणि रिकाम्या मैदानात, मोकळ्या गाडीत ब्रेक मारून बघा. पाटे अर्धवट काढू नका म्हणालो ते या दोन कारणांनी, यू बोल्ट आणि हा व्हॉल्व्ह.

सगळं झाल्यावर परत उंची मोजा. गाडी मूळ उंचीपेक्षा खाली बसली तर मूळ सेट जास्त वजनाने मेला आहे. जुने पाटे ठोकून कमान देणारे बरेच आहेत, पण नीट तापवून, विझवून कडकपणा न देता थंडच ठोकलेला पाटा काही दिवसांत परत सरळ होतो. अशा वेळी दोन पर्याय: दोन्ही बाजूंचा पूर्ण सेट नवीन, किंवा पाटे आहेत तसे ठेवून गिऱ्हाइकाला सांगून भाव कमी. एकाच बाजूचा सेट बदलू नका.

आणि मागच्या हँगर ब्रॅकेटजवळची चेसिस घासून, उजेड पाडून बघा. रिव्हेटच्या भोवती गंजाची बारीक लाल रेघ दिसली तर ती तडा असण्याची शक्यता मोठी. ती रंगाखाली लपवून गाडी विकणं म्हणजे पुढच्या चालकाच्या जिवाशी खेळ आहे.

---

तारा_आणि_रिले

वायरिंगवर लिहितो. 'काढलं' म्हणजे वस्तू ओढून वायर कापली आणि टेप मारली, असं बहुतेक ठिकाणी होतं. बॅटरीवरून आलेली जिवंत वायर बोनेटमध्ये तशीच लोंबत राहते, टेप उष्णतेने सुटते आणि वायर बॉडीला लागते. नियम एकच: जादा वायर जिथून उगवली तिथपर्यंत मागे जा आणि तिथून काढा.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. सगळ्या जादा वायरी एकदा नुसत्या शोधा, चिकटपट्टीवर नाव लिहून लावा, फोटो काढा. मग एकेक काढा.

हेडलाइटचं माझं मत थोडं वेगळं आहे: रिले किट ठेवा, बल्ब बदला. १०० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ८ अँपिअरच्या वर ओढतो, ६० वॉटचा ५. मूळ स्विच आणि वायर ५ साठी असतात, म्हणून १०० वॉटला रिले लागतो. पण रिलेमुळे बल्बला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मिळतो, त्यामुळे ६०/५५ चा बल्बही आधीपेक्षा चांगला पेटतो आणि स्विच वाचतो. किटला बॅटरीजवळ फ्यूज आहे ना, एवढं बघा. बल्ब काढताना होल्डर तपासा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल, पत्ती सैल असेल तर होल्डर बदला. रिफ्लेक्टर आतून काळवंडला असेल तर कोणताही बल्ब पासिंगला झोत देणार नाही, मग लाइट बदलावीच लागेल.

केबिनवरच्या एलईडी बारची भोकं टपात आहेत की पन्हाळीच्या क्लॅम्पवर आहे, ते सांगितलं नाही. भोकं असतील तर बोल्ट काढल्यावर कडा घासून झिंक प्रायमर, मग रबर ग्रोमेट, मग पीयू सीलंट. नुसता एमसील भरला तर पहिल्या पावसाळ्यात आतल्या बाजूने पाणी येतं आणि टप आतून सडतो.

चेसिसच्या भोकांना वेल्डिंगने भरू नका. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंगची उष्णता लागली की त्या कडेला तडा जायची जागा तयार होते. गार्डचे बोल्ट काढल्यावर भोक तसंच राहू द्या, गंजरोधक रंग द्या. गार्डची क्लिप चेसिसला वेल्ड केलेली असेल तर गॅसकटर लावू नका. ग्राइंडरने ३-४ मिमी ठेवून कापा आणि उरलेलं चेसिसच्या लांबीच्या दिशेने घासा, आडवं नाही. गाडीवर वेल्डिंग करायचीच वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढून ठेवा.

म्युझिक सिस्टीम: दाराचा पत्रा किंवा पॅनल स्पीकरसाठी कापलं असेल तर स्पीकर ठेवा. कापलेली भोकं स्पीकरपेक्षा वाईट दिसतात आणि काढलेल्या जुन्या स्पीकरला काही येत नाही.

सगळं संपल्यावर एक तपासणी. किल्ली बंद, दारं बंद, निगेटिव्हच्या मार्गात मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावून थांबा. १२ व्होल्टच्या अशा गाडीत ५० मिलिअँपिअरच्या वर ओढ दिसली तर कुठेतरी काहीतरी चालू राहिलं आहे. एकेक फ्यूज काढत जा, कोणत्या फ्यूजला आकडा पडतो ते दिसेल.

---

नारायणगाव_पिकअप

सगळ्यांचे आभार. दोन शंका. जीपीएसचा डबा आधी एकदा काढून बघितला तर गाडी चालत होती, पण त्याच्या बाजूचा काळा रिले काढला की गाडी सुरूच होत नाही. ते कसं काढायचं? आणि टायर मोठे आहेत ते बदलू का? जाळीबद्दल पण एकदा पक्कं सांगा, कारण भाजीपाल्याचं गिऱ्हाईक जाळी बघूनच येतंय.

---

तारा_आणि_रिले

रिलेचं सोपं आहे. गाडी बंद करायचा रिले इग्निशनच्या किंवा फ्युएल पंपाच्या वायरीत मधेच बसवतात. मूळ वायर कापून एक टोक रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला आणि दुसरं ८७ए ला दिलेलं असतं. कॉइलला वीज नसताना ३० आणि ८७ए आतून जोडलेले असतात, म्हणून डबा काढला तरी गाडी चालते. रिलेच काढला तर वायर तुटलेलीच राहते.

३० आणि ८७ए च्या दोन वायरी शोधा. त्यांचा रंग मूळ वायरिंगसारखा आणि एकमेकींशी जुळणारा असतो. त्या परत जोडा, मूळ वायरइतक्याच जाडीच्या तुकड्याने, क्रिम्प स्लीव्ह किंवा झाळ मारून, वर हीट श्रिंक. पिळून टेप मारलेला जोड चालणार नाही. हा जोड सुटला तर चालती गाडी रस्त्यात बंद पडते. ८५ आणि ८६ च्या बारीक वायरी जीपीएसकडे जातात, त्या पूर्ण काढा. डब्यातलं सिम काढून बंद करा, ॲपमधून गाडी वगळा. नव्या मालकाची गाडी तुमच्या मोबाइलवर दिसत राहणं बरोबर नाही.

---

जुनी_गाडी_बाजार

टायरचं आधी. व्यास ४ टक्क्यांनी मोठा असेल तर मीटरवर ६० असताना गाडी ६२ च्या पुढे असते, आणि मीटरवर एक लाख किमी दिसतात तेव्हा प्रत्यक्षात एक लाख चार हजार झालेले असतात. हे घेणाऱ्याला सांगा. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का, स्टेपनी त्याच साइजची आहे का, टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरइतका तरी आहे का, एवढं बघा. नक्षी अर्ध्यापेक्षा कमी उरली असेल तर बदलायला नवीन पाच टायर घेऊ नका, तो खर्च भावात निघत नाही. नक्षी चांगली असेल तर मूळ साइजचे बऱ्यापैकी वापरलेले टायर अदलाबदलीत मिळतात, टायरवाल्याकडे विचारा. मात्र टायर घासत असेल किंवा लोड इंडेक्स कमी असेल तर बदलल्याशिवाय गाडी देऊ नका.

जाळीबद्दल: भाजीपाला, दूध, कोंबडीखाद्य अशा मालाला जाळीचा उपयोग आहे. सिमेंट, सळई, वाळूवाल्याला नाही. जाळी बोल्टवर आहे हे तुमचं नशीब. पासिंगचं काम करणाऱ्या भाऊंचं म्हणणं बरोबर आहे, वजन आरसीशी जुळलं पाहिजे. म्हणून जाळी खोला, गाडी मूळ रूपात पासिंगला न्या, आणि जाळी वेगळी वस्तू म्हणून वेगळ्या भावाने विका, त्याच गिऱ्हाइकाला किंवा दुसऱ्याला. तोच जाळी मागत असेल तर परवानगी काढून, आरसीवर बदल नोंदवून लावायची ही त्याची जबाबदारी, असं कागदावर घ्या. पासिंगपुरती काढून दुसऱ्या दिवशी परत लावून विकायची पद्धत सगळीकडे दिसते, पण त्यात पहिल्याच तपासणीला घेणारा अडकतो आणि भांडण तुमच्या दारात येतं.

तळाची चेकर्ड प्लेट ठेवा. ती वेल्ड केलेली आहे. काढताना मूळ पत्रा फाटतो, आणि क्रेटच्या गाडीत खालचा पत्रा बहुधा गंजलेला निघतो. फक्त एका कोपऱ्याला टोचणीने किंवा हातोडीने ठोकून बघा. आवाज बोदा आला तर दोन पत्र्यांमध्ये पाणी साचलं आहे. तिथे निचऱ्याला भोक पाडा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. वजनाची काटा-पावती आरसीच्या झेरॉक्ससोबत ठेवा, आणि आरसीपेक्षा जो फरक येईल तो नोंदवून घ्यायला लागेल का हे पासिंगलाच विचारून टाका.

दोन गिऱ्हाइकांपैकी कोण? कर्ज काढून घेणाऱ्याकडे बँकेचा मूल्यांकन करणारा येतो. तो फोटो काढतो, चेसिस नंबरचा कागदावर पेन्सिलने घासून ठसा घेतो, आरसीशी ताडून बघतो. गार्ड, जाळी, उंच केलेली मागची बाजू दिसली की तो आकडा खाली धरतो, कर्ज कमी बसतं आणि गिऱ्हाईक तो फरक तुमच्याकडून मागतो. 'आहे तशी द्या' म्हणणारा बहुधा रोख देणारा असतो, पण तोच 'नावावर नंतर करू' म्हणतो. अशा गिऱ्हाइकाला नाही म्हणा, भाव थोडा जास्त देत असला तरी.

खर्च कुठे करायचा याचा माझा क्रम: गव्हर्नर, हॉर्न, बल्ब, गार्ड, एलईडी बार. हे सगळं एका दिवसाचं काम आहे आणि वस्तू तुमच्याकडेच आहेत. मग पाटे, पण कमानीवाल्यांनी सांगितलं तसं यू बोल्ट नवीन घालणार असाल तरच. मग पासिंग. विक्रीची बोलणी पासिंग हातात आल्यावर करा. नव्या फिटनेससह मूळ रूपातली पिकअप दाखवली की घासाघीस मुळात इंजिन आणि टायरवर येते, बाकीच्या वस्तूंवर नाही.

काढलेल्या वस्तूंत एलईडी बार आणि कंप्रेसर विकून फारसं येणार नाही. गार्ड भंगाराच्या भावाने द्या, दुसऱ्या गाडीला लावायला नको.

---

पासिंगचं_काम

जाळीबद्दल वरच्याशी पूर्ण सहमत.

राहिलेलं एक. विक्रीच्या कागदावर तारीखच नाही तर वेळही लिहा, आणि गाडीसोबत काय दिलं, काय काढलं याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. यादीत हे जरूर असू द्या: पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंची, टायरची साइज, मीटरचं वाचन आणि मोठ्या टायरमुळे पडणारा फरक, रिले किट ठेवलं आहे, तळाला वेल्ड केलेली प्लेट, मोकळ्या गाडीचं काट्यावरचं वजन, ५०० किमीला यू बोल्ट आवळायचे. किल्ली देताना चारही बाजूंनी, हौद्याचे, बोनेटचे आणि मागच्या कमानीचे फोटो काढा.

विमा: गाडी दिल्यापासून १४ दिवसांत घेणाऱ्याने विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करायची असते. नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीबरोबर जात नाही. त्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा, पुढच्या गाडीला लागेल. थकलेली ई-चलनं आधी भरा. फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिथे बंद करा. तो चालू राहिला तर टोल तुमच्या खात्यातून जात राहील आणि घेणाऱ्याला त्या गाडी नंबरवर नवीन टॅग मिळणार नाही.